पाव इंच माया

लग्न होऊन मी वाडीला आले ती सत्तरच्या दशकाची सुरुवात होती. वाडी तेव्हा नागपूरच्या बाहेरच होती म्हणा. अमरावती रोडच्या दोन्ही अंगांना मालाची गोदामं, त्यांच्यापुढे रांगेनं उभे ट्रक आणि मागच्या गल्ल्यांत भाड्याच्या खोल्या. त्यांतल्या दोन आमच्या. नवरा एका गोदामात कारकून होता. घरात आम्ही दोघं आणि सासूबाई.

त्या वर्षी नणंद पहिल्या बाळंतपणाला येणार होती. सासूबाईंनी जुनी लुगडी धुऊन, वाळवून, एकावर एक अंथरून बाळाच्या गोधडीला सुरुवातही केली होती. त्या कडेपासून टाके घालत आत यायच्या आणि मधोमध येऊन थांबायच्या. कागद नाही, पेन्सिल नाही. टाका कुठं वळवायचा ते त्यांच्या बोटांना ठाऊक असायचं.

मला मात्र काही तरी वेगळं करायचं होतं. माहेरून शिलाई मशीन आणलं होतं आणि त्याचा अजून कुणाला काही उपयोग झाला नव्हता. मॅट्रिकला मला भूमितीत चांगले गुण होते. त्याचाही कुणाला उपयोग झाला नव्हता. मी ठरवलं, रंगीत तुकडे जोडून मधोमध मोठी चांदणी असलेली गोधडी करायची.

तशा गोधड्यांचे नमुने नागपुरात सदरला मिळतात हे मला घरमालकीणकाकूंनी सांगितलं. सदरला एका बेकरीच्या मागं एक ख्रिश्चन बाई राहायच्या. शाळेत शिवण शिकवून निवृत्त झालेल्या, एकट्या. सगळे त्यांना टीचरबाई म्हणत. त्या चौकटीच्या कागदावर नमुने काढून, लिफाफ्यात घालून विकत.

"मी बी दोन आणणार हावो," काकू म्हणाल्या. "पोरीच्या रुखवतात ठेवाले."

सासूबाईंना हे ऐकून नवल वाटलं. "गोधडीले का नकाशा लागते वं? गोधडी म्हनजे का जमीन हाय मोजाले?"

नवऱ्यानं पाच रुपये काढून दिले. "घेऊन टाक एक. उगीच डोकं शिणवू नको." आमच्या घरात पाच रुपये उगीच कुणी कुणाला देत नसे, म्हणून ती नोट मी रुमालात बांधून नेली.

बर्डीच्या बाजारापर्यंत बस आणि पुढं पायी, अशी मी पहिल्यांदा सदरला गेले. बेकरीच्या बाजूच्या बोळातून आत गेलं की त्यांचा व्हरांडा लागायचा. टीचरबाई उंच होत्या, हडकुळ्या, पांढरं पातळ आणि नाकावर जाड काचांचा चष्मा. त्यांनी मला वेताच्या खुर्चीवर बसवलं आणि लिफाफ्यांचा एक लाकडी ट्रे समोर ठेवला.

"बघ बेटी. घाई करू नकोस. घाईत घेतलेला नमुना बायका परत घेऊन येतात."

प्रत्येक लिफाफ्यावर त्या नमुन्याचं छोटं रंगीत चित्र होतं, शाळेतल्या मुलांच्या रंगकांड्यांनी रंगवलेलं. आत मापाचा कागद आणि तुकडे कापायचे साचे. साचे एक्सरेच्या जुन्या फिल्मचे होते. त्यांचा भाऊ दवाखान्यात कामाला होता, तो टाकून दिलेल्या फिल्म आणून द्यायचा. त्या धुऊन त्यांतून टीचरबाई चौकोन, त्रिकोण, शंकरपाळे कापायच्या. कापड कितीही वेळा कापलं तरी साच्याची कड झिजत नसे. एखाद्या शंकरपाळ्यावर कुणाच्या तरी बरगडीची पुसट रेघ राहिलेली असायची.

मी चांदणीचा लिफाफा हातात घेतला. आठ टोकांची चांदणी. प्रत्येक टोक म्हणजे एक शंकरपाळा, दोन टोकांच्या मध्ये कोपऱ्यात चौकोन आणि बाजूला त्रिकोण. मी बघतच राहिले. आणि बघता बघता वाटायला लागलं की यात आहे काय? वर्तुळाचे आठ भाग करायचे. हे तर मला येतं. जे मला येतं त्याला पैसे कशाला द्यायचे?

नमुना विकत घ्यावा की स्वतः काढावा, एवढाच तो प्रश्न होता, आणि त्या वेळी त्यात काही वावगं नव्हतं. चित्र सगळ्यांना दिसावं म्हणूनच तर ते लिफाफ्यावर काढलं होतं.

"विचार करून सांगते," मी म्हणाले.

"कर ना विचार," टीचरबाई म्हणाल्या.

परत येताना बर्डीवर मी त्या पाच रुपयांचं अस्तराचं कापड घेतलं. नवऱ्यानं विचारलं, "मिळाला का नमुना?" मी "हो" म्हणाले. पहिलं खोटं ते. एवढंसं वाटलं होतं, कारण माझ्या मते नमुना मिळालाच होता, डोक्यात.

पण डोक्यातला नमुना कापडावर उतरेना. माझी कंपासपेटी माहेरी राहिली होती. मी वर्तमानपत्राला घड्या घालून कोन काढला. पहिल्यांदा आठ शंकरपाळे जोडले तर मधोमध टोपी उभी राहिली. कोन मोठा धरून पुन्हा कापले तर कडेनं झालर झाली. तिसऱ्यांदा चांदणी सपाट बसली, पण चौकोन कोपऱ्यात मावेनात. गल्लीतल्या शिंप्याकडून आणलेली कात्रणं संपत आली. सासूबाई त्यांच्या गोधडीवर वाकून टाके घालता घालता माझ्याकडे बघायच्या. त्यांची अर्धी होत आली होती.

आणखी चार दिवस बसले असते तर मला ते सुटलं असतं. हे मी आज म्हणते असं नाही, तेव्हाही मला ते माहीत होतं. कंपासपेटी बर्डीवर कुठल्याही दुकानात मिळाली असती. पण नणंद यायला पंधरा दिवस उरले होते आणि माझा धीर सुटला होता. पुन्हा पाच रुपये मागायचे तर पहिल्या पाचांचं काय झालं ते सांगावं लागलं असतं.

मी पुन्हा सदरला गेले. रंग नीट बघायचेत, असं म्हणून.

टीचरबाईंना माझा चेहरा आठवला. "ये ये, वाडीवाली," म्हणाल्या. त्यांनी ट्रे समोर ठेवला. थोड्या वेळानं म्हणाल्या, "इतक्या लांबून आलीस, चहा घे. मी करते," आणि आत गेल्या.

आतून स्टोव्हला पंप मारल्याचा आवाज यायला लागला. मी चांदणीचा लिफाफा उघडला. मापाचा कागद बाजूला सारला आणि तिन्ही साचे काढले. पिशवीत तांदळाची रिकामी कागदी पिशवी होती. ती मांडीवर पसरून साचे तिच्यावर ठेवले आणि पेन्सिल फिरवली. शंकरपाळा, चौकोन, त्रिकोण. घाईत साचा सरकला आणि त्रिकोण दोनदा काढावा लागला. स्टोव्हची फरफर सुरू झाली तोवर साचे लिफाफ्यात आणि पिशवी घडी करून माझ्या पिशवीत गेली होती.

त्यांनी चहा आणला, बशीत बेकरीच्या दोन नानकटाया. "खा, ताज्या आहेत," म्हणाल्या. मी खाल्ल्या. त्यांनी माझ्या माहेरचं विचारलं, नणंदेचं विचारलं, पहिलं बाळंतपण आहे म्हटल्यावर हळिवाचे लाडू करायची त्यांची रीत सांगितली. मी सगळ्याला "हो, हो" म्हणत होते आणि पिशवी पायानं खुर्चीखाली सारत होते.

"मग? घेतेस चांदणी?"

"पुढच्या वेळी," मी म्हणाले.

गोधडी झाली. तरी एक खोड राहिलीच. चारही कोपऱ्यांतले चौकोन थोडे मोठे पडत होते आणि त्यामुळं कोपरे फुगत होते. मी बारीक चुण्या घालून ते बसवले, वरून कोळशाची इस्त्री दाबून दाबून फिरवली. बघणाऱ्याला कळलं नसतं. बारशाला लाल-पिवळ्या चांदणीवर बाळाला ठेवलं तेव्हा आलेल्या बायका बाळाच्या आधी गोधडीकडेच वाकल्या.

"कुठून आणली वं?"

मी तोंड उघडायच्या आत सासूबाई बोलल्या. "आणली कायले? माह्या सुनंनं केली. नकाशा-गिकाशा काही नाही घेतला, सोता काढली. भूमितीत हुशार हाय थे."

नमुना विकत आणला नाही हे त्यांनी कसं ताडलं? घरात लिफाफा कुठं दिसला नव्हता आणि मला कागदाला घड्या घालताना, कात्रणं पुन्हा पुन्हा उसवताना त्यांनी बघितलं होतं. त्यांच्या दृष्टीनं ते खरंच होतं. नवऱ्यानं माझ्याकडे बघितलं. मी खाली बघितलं. सासूबाईंनी माझं एवढं कौतुक त्याआधी कधी केलं नव्हतं, आणि बोलायची ती एक वेळ मी घालवली.

मग बायका यायला लागल्या. ड्रायव्हरांच्या, हमालांच्या, कारकुनांच्या बायका. "आमाले बी सांग ना वं." मी जुन्या लग्नपत्रिकांच्या पुठ्ठ्याचे साचे कापून दिले. सगळ्यांत आधी घरमालकीणकाकूंना, मग एकेक करत एकूण बारा जणींना. पैसे घेतले नाहीत, याचा मला अभिमान वाटायचा. मनाला मी असंही समजावलं होतं की या बायका सदरला जाऊन पाच रुपये थोड्याच देणार होत्या? काकूंनी रुखवतासाठी दोन लिफाफे आणायचे ठरवले होते ते मी सोयीस्कर विसरले.

त्या हिवाळ्यात आमच्या गल्लीत दोरीदोरीवर चांदण्या वाळत पडलेल्या दिसायच्या, आणि प्रत्येकीचे चारही कोपरे फुगलेले. बायकांना वाटायचं, ती तशीच असते. एक जण तर मला म्हणाली, "तुही एवढी नाही फुगली, माही पाय कशी मस्त फुगली!"

संक्रांतीच्या सुमाराला काकू सदरला कुणाकडे गेल्या होत्या. येताना तडक आमच्याकडे आल्या.

"अवो, मी टीचरबाईकडे गेली होती. माही गोधडी दाखवली. म्हटलं, आता तुमचा कागद नाही लागत, आमच्या किरायादारनीनं सोता काढली."

माझ्या हातातलं भांडं हातातच राहिलं. "मग? काय म्हणाल्या त्या?"

"पायलं तिनं उलटून-पालटून. म्हने, चांगली हाय. म्हने, त्या पोरीले धाडून द्या एकडाव. अन् म्हने, कोपरे काहून फुगले तं तिले विचारा."

मी तीन आठवडे गेले नाही. बाळाचं आहे, पाहुणे आहेत, डोकं दुखतं, अशी रोज काही तरी सबब स्वतःला सांगायची. काकू मात्र दिसल्या की विचारायच्या, "गेलती का?" शेवटी त्या स्वतःच मला घेऊन जातील या भीतीनं मी एकटी निघाले. घरखर्चातून बाजूला ठेवलेले पाच रुपये रुमालात बांधले.

टीचरबाईंनी मला त्याच खुर्चीवर बसवलं. या वेळी ट्रे पुढं ठेवला नाही.

"कोपरे का फुगले, कळलं तुला?"

मी मान हलवली. नाही.

त्यांनी चांदणीचा लिफाफा आणला, साचे काढले आणि एक माझ्या हातावर ठेवला. "कापड कापताना या साच्याच्या चारी बाजूंनी पाव इंच माया सोडायची. माया म्हणजे काय, मालूम आहे ना? मशीन चालवतेस."

मालूम होतं. शिवणीत दडण्यासाठी कडेला जादा कापड ठेवतात, तिला आमच्याकडे शिंपीसुद्धा मायाच म्हणतात. ब्लाउज बेतताना मी रोज सोडायचे. पण साचा माया धरूनच कापला असेल असं मी मानून चालले होते.

"माया नाही सोडली तर चौकोन शिवणीत अर्धा इंच जातो, आणि शंकरपाळा तिरपा, तो जास्त जातो. मग चौकोन मोठा पडतो आणि फुगतो," त्या म्हणाल्या. "ही गोष्ट मी कागदावर लिहीत नाही. नमुना घेणारीला तोंडानं सांगते."

मी साच्याकडे बघत राहिले. भूमितीत हुशार असलेल्या मला एवढं साधं कळलं नव्हतं.

"मी चहाला उठते ना, तेव्हा बायका लिफाफे उघडतात," टीचरबाई पुढं म्हणाल्या. आवाजात राग नव्हता, हवापाण्याचं सांगावं तसं सांगत होत्या. "मालूम आहे मला. माझी नजर कमजोर आहे, कान चांगले आहेत. आणि मग महिन्याभरात त्या परत येतात. टीचरबाई, कोपरे फुगले. मी सांगते. मग शरमेनं एकाच्या जागी दोन नमुने घेऊन जातात. असं चालतं माझं. पेन्शनीत भागत नाही." थोडं थांबून त्या म्हणाल्या, "तू नाही आलीस. तू चुण्या घालून बसवलेस, हो ना?"

"हो."

"किती जणींना दिलास?"

"बारा."

"बारा," त्या म्हणाल्या आणि बोळाकडे बघत राहिल्या. "आणि त्यांचे कोपरे?"

"त्यांना वाटतं, तसंच असतं."

त्यांना एकदम हसू आलं, पण ते अर्ध्यावरच थांबलं. "बिचाऱ्या," त्या म्हणाल्या. "तुझ्या काकू दोन घेणार होत्या. मला त्यांनीच सांगितलं, इथं बसून, हसत हसत."

मी रुमाल सोडून नोट त्यांच्यासमोर ठेवली. वाटलं होतं, नको म्हणतील. त्यांनी ती घडी करून पर्समध्ये टाकली आणि लिफाफा माझ्याकडे सरकवला. "हा आता तुझा. पण बाराचं काय?"

"मी देईन पैसे. हळूहळू..."

"पैसे नकोत." त्यांचा आवाज पहिल्यांदा कडक झाला. शाळेत असाच असेल. "बाराही घरी जा. पाव इंच माया सोडायची म्हणून सांग. आणि नमुना कुणाचा आहे ते सांग. दोन्ही सांगायचं. सांगशील?"

"सांगीन," मी म्हणाले.

दुसऱ्याच दिवशी दुपारी मी निघाले. पहिलं घर काकूंचं. दोन्ही वाक्यं मनात म्हणतच जिना चढले. म्हटलं, "काकू, साच्याच्या चारी बाजूंनी पाव इंच माया सोडायची राहिली होती. म्हणून कोपरे फुगतात."

"असं का?" काकूंनी गोधडीचा कोपरा चिमटीत धरून बघितला. "हे बी तुनंच शोधलं? बाप्पा! डोकं हाय हो तुले. टीचरबाईले तं नसतंच सुचलं."

त्या क्षणी दुसरं वाक्य बोलायला हवं होतं. ते जिभेवर होतं. काकूंचा चेहरा इतका कौतुकानं भरला होता की मला तो उतरलेला बघवला नसता, असं मी नंतर स्वतःला सांगितलं. पण खरी गोष्ट एवढीच की मला ते कौतुक हवं होतं. मी पाणी प्यायले आणि पुढच्या घरी गेले. पहिल्या घरी बोलले नाही म्हणून दुसऱ्या घरी बोलता येईना, कारण दुसरीनं जाऊन पहिलीला सांगितलं असतं. बाराही घरी मी पाव इंच सांगितला आणि बाराही घरून हुशार ठरून परत आले.

त्यानंतर मी टीचरबाईंकडे जात राहिले. वर्षातून दोनदा, कधी तीनदा. प्रत्येक वेळी एक नमुना विकत घ्यायचे, लागत नसला तरी. असे नऊ झाले. नवऱ्याला वाटायचं मला नादच लागलाय. टीचरबाईंचा ट्रे दर खेपेला तितकाच भरलेला दिसायचा. वाडीहून दुसरं कुणी आल्याचं त्यांनी कधी सांगितलं नाही आणि मी कधी विचारलं नाही.

चार-पाच वर्षांनी त्यांचा भाऊ वारला आणि त्या भाचीकडे जबलपूरला जायला निघाल्या. मी भेटायला गेले. खोलीत ट्रंका बांधून ठेवल्या होत्या. माझा हात धरून त्यांनी मध्येच विचारलं, "त्या बारा जणींना सांगितलं होतंस ना?"

"हो," मी म्हणाले.

"शाबास," त्या म्हणाल्या आणि माझ्या पाठीवरून हात फिरवला.

पहिलं खोटं मी नवऱ्याशी बोलले होते, ते पाच रुपयांचं होतं. याचं मोल मला अजून करता आलेलं नाही.

पुढं आम्ही वाडी सोडली. नवऱ्याला शहरात नोकरी मिळाली, ऐंशी उजाडेपर्यंत स्वतःच्या तीन खोल्या झाल्या. सासूबाई थकल्या होत्या, पण जीभ तशीच होती. एके दिवशी शेजारच्या दोघी आल्या, नणंदेचं बाळ मोठं झाल्यावर परत आलेली चांदणीची गोधडी त्यांनी पलंगावर बघितली आणि सासूबाईंनी पुन्हा सुरू केलं. "विकतचा नकाशा नाही. माह्या सुनंनं सोता काढली."

त्या दोघी गेल्यावर मी सासूबाईंच्या पायाशी बसले आणि सगळं सांगितलं. तांदळाची पिशवी, स्टोव्ह, बारा घरं, टीचरबाईंना दिलेलं उत्तर. काहीच ठेवलं नाही.

त्यांनी सगळं ऐकून घेतलं. मला वाटलं, जाऊ दे म्हणतील, इतकी वर्षं झाली. त्यांनी पाय मागं घेतले.

"चोरी केली थे केली," त्या म्हणाल्या. "पण इतके वर्स माह्या तोंडातून खोटं बोलवलं तुनं. मी गावभर सांगत फिरली. मले काहून नाही सांगितलं वं?"

दोन दिवस त्या माझ्याशी बोलल्या नाहीत. तिसऱ्या दिवशी सकाळी धुतलेलं लुगडं नेसून दारात उभ्या राहिल्या. "चाल."

"कुठं?"

"वाडीले."

त्यांना बसमध्ये चढवताना दोघांना हात द्यावा लागला. वाडीत बारांपैकी तिघीच उरल्या होत्या. बाकीच्या नवऱ्यांच्या बदल्यांबरोबर, कामांबरोबर कुठं कुठं गेलेल्या. काकू होत्या. त्यांच्या मुलीला मुलगी झाली होती. मी त्यांच्यासमोर उभी राहिले आणि दहा वर्षांपूर्वी बोलायचं वाक्य बोलले. नमुना टीचरबाईंचा होता. मी त्यांना न विचारता उतरवून घेतला होता.

काकू माझ्याकडे बघत राहिल्या आणि मग हसल्या. "अवो, त्यात का झालं? कागदच तं होता."

"कागद?" सासूबाई कडाडल्या. "हे घर तुहं, थे बी कागदावरच हाय ना? दे मंग कोनाले बी."

काकूंचं हसू गेलं. बाकी दोघींना आम्ही सांगितलं तेव्हा एकीला तर ती गोधडी आठवतच नव्हती. "फाटली थे कवाच," म्हणाली. इतकी वर्षं जे ओझं मी वागवलं, ते ठेवायला कुणाकडे जागाच नव्हती.

त्याच आठवड्यात मी सदरला जाऊन बेकरीवाल्याकडून जबलपूरचा पत्ता मिळवला. आठ पानी पत्र लिहिलं. सासूबाईंनी ते मोठ्यानं वाचायला लावलं, एका ठिकाणी मला थांबवून म्हणाल्या, "इथं तू आपली बाजू घेऊन राहिली. काढ थे." मी तो परिच्छेद काढला.

महिन्याभरानं उत्तर आलं, भाचीच्या हातचं, हिंदीत. मावशीला आता अजिबात दिसत नाही. पत्र तिला दोनदा वाचून दाखवलं. वाडीची मुलगी तिला आठवत नाही. म्हणते, अशा पुष्कळ होत्या. तुम्ही मनाला लावून घेऊ नका. आणि पुढं लिहिलं होतं की मावशीच्या सगळ्या नमुन्यांना इथं वाळवी लागली. तुमच्याजवळ काही असले तर पाठवाल का? मला शिवणाचा वर्ग काढायचा आहे.

सासूबाईंनी विचारलं, "का म्हनते? माफ केलं का?"

"त्यांना मी आठवतच नाही, आई."

त्यांनी पत्राची घडी घातली. मग म्हणाल्या, "मंग आता कोन करन माफ?"

मी नऊही लिफाफे काढले. प्रत्येक मापाच्या कागदावर वर टीचरबाईंचं नाव घातलं. त्यांना आवडलं असतं की नाही कोण जाणे, पण खाली "पाव इंच माया सोडावी" असंही लिहिलं, कारण तोंडानं सांगणारं आता तिथं कुणी नव्हतं. पुठ्ठ्यात बांधून पार्सल रजिस्टर केलं. एकही साचा माझ्याकडे ठेवला नाही.

पार्सल पोचल्याचं पत्र काही आलं नाही. पुन्हा लिहून विचारायचा धीर मला झाला नाही.